फ्रेंच: वाट विचारण्यापुरती तयारी कशी करावी?

प्रश्न, खानापूर:
मुलीला सप्टेंबरात शिकायला लियाँला जायचंय. तिच्यासंगं मीपण फ्रेंच शिकायलोय. तिकीट काढणं, वाट विचारणं एवढं तरी पक्कं व्हावं. सुरुवात कुठून करू?

उत्तर, तिलकवाडी:
काका, शब्दांच्या याद्या नंतर. आधी ‘तू द्र्वा’ म्हणजे सरळ आणि ‘आ द्र्वात’ म्हणजे उजवीकडे, हे कानात बसवा. शेवटच्या ‘त’वर सगळा रस्ता फिरतो! डावीकडे ‘आ गोश’. मी शिकवणीच्या मुलांना दुसऱ्या गेटापासून स्टेशनापर्यंत चालवत नेते, प्रत्येक वळणावर मोठ्यानं बोलायला लावते. वहीपेक्षा असं लवकर पाठ होतं.

उत्तर, निपाणी:
वाहनात बसायचं तर ‘आँ’: आँ त्राँ म्हणजे रेल्वेनं, आँ ब्यूस म्हणजे बसनं. पायी मात्र ‘आ पिए’, सायकलीवर ‘आ व्हेलो’. जाऊन-येऊन तिकिटाला ‘आले-रतूर’.

प्रश्न, खानापूर:
लई उपकार झाले. आणि स्टेशनात शिरल्यावर?

उत्तर, तिलकवाडी:
लियाँचं मोठं स्टेशन पार-दिय, तिथं गर्दी असते. पाट्या वाचता आल्या पाहिजेत: ‘सोर्ती’ म्हणजे बाहेर, ‘के’ म्हणजे फलाट, ‘कोरेस्पोंदाँस’ म्हणजे गाडी बदलणं. शेवटचा शब्द लांबलचक आहे, तिच्याकडून रोज म्हणून घ्या.