इसाबेला राणीने दागिने गहाण टाकले ते नक्की कशासाठी?

कुंदकळी

मंडळी, गेले दहा-बारा दिवस रात्री जागून स्पेनच्या इसाबेला राणीवरची मालिका बघतेय आणि आता डोक्यात भुंगा लागलाय. शाळेत तिची ओळख एका ओळीत, कोलंबसाला पैसे देणारी राणी, त्यासाठी तिने म्हणे अंगावरचे दागिने गहाण टाकले, झालं. बाई कोण, कुठली, काही पत्ता नाही. मालिकेत तर कोलंबस उगवायच्या आधीच इतकं काही घडतं की मी दोनदा एपिसोड मागे नेऊन बघितले.

तर प्रश्न असे. दागिन्यांचं खरं किती? दुसरं म्हणजे कॅस्टीलचा (तेव्हाच्या स्पेनमधलं तिचं राज्य) आधीचा राजा एन्रिके हा तिचा सावत्र भाऊ, त्याला स्वतःची मुलगी होती, मग गादी हिच्याकडे कशी आली, ढापली की काय? फर्नांडो खराच राजा होता की नुसता राणीचा नवरा? आणि सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न, स्वतः न्यायनिवाड्याला बसणारी, देवभोळी, कर्तबगार बाई हजारो ज्यू कुटुंबांना चार महिन्यांत देशाबाहेर काढते ते कसं? मालिकावाले सगळं त्या इन्क्विझिशनच्या (पाखंड शोधून शिक्षा देणारं धर्मन्यायालय) मुख्य तोर्केमादाच्या माथी मारून मोकळे झालेत. मला काही ते पटेना. जाणकारांनी लिहा, नुसती लिंक फेकून पळू नका 🙏

बोरूबहाद्दर

दागिन्यांचं आधी मिटवून टाकू. गहाण टाकले होते, पण कोलंबसासाठी नाही. ग्रानादा या दक्षिणेतल्या मुसलमान राज्याशी युद्ध १४८२ ला सुरू झालं ते दहा वर्षं चाललं, त्यात १४८९ मध्ये तिथल्या बासा गावाचा वेढा सहाएक महिने लांबला, तोफा, खेचरं, धान्य, सैनिकांचे पगार, पैसा नुसता पाण्यासारखा जात होता, तेव्हा बाईंनी दागिने व्हॅलेन्सियात ठेवून कर्ज उचललं. वर स्वतः हिवाळ्याच्या तोंडावर वेढ्याच्या छावणीत जाऊन राहिली, म्हणजे आतल्यांना कळावं की आता हे लोक उठून जात नाहीत. थोड्याच दिवसांत बासा पडलं.

कोलंबसाच्या पहिल्या सफरीचा मोठा पैसा लुईस दे सांतांखेल या अरागॉनच्या (फर्नांडोचं राज्य) दरबारातल्या हिशेबनिसाने उभा केला, ११,४०,००० मारावेदी (तेव्हाचं नाणं). गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की हा सांतांखेल ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला, आणि त्याच्या नातलगांवर इन्क्विझिशनचे खटले झालेले. आणि जहाजं? पालोस गावाने पूर्वी काहीतरी आगळीक केली होती, तिचा दंड म्हणून त्या गावाने दोन जहाजं द्यायची असा हुकूम काढला. एवढी काटकसर करणारी बाई दागिने कशाला मोडेल!

जुनीवही

गादीचं मी सांगतो, लांबेल जरा.

इसाबेला जन्मली १४५१ ला, माद्रिगाल नावाच्या गावात. तेव्हा ती राणी होईल असं कोणाच्या स्वप्नातही नसणार. ती तीन वर्षांची असताना बाप गेला, गादी सावत्र भाऊ एन्रिकेला, आणि हिला, धाकट्या भावाला अल्फोन्सोला आणि आईला अरेवालोला ठेवलं. आईचं मन पुढे ठिकाणावर राहिलं नाही. एन्रिकेला १४६२ मध्ये मुलगी झाली, हुआना. पण सरदारांनी कुजबूज उठवली की ही राजाची नाहीच, बेल्त्रान दे ला क्वेवा या मर्जीतल्या सरदाराची, म्हणून तिला 'ला बेल्त्रानेखा' म्हणायला लागले. खरं-खोटं आजतागायत कोणाला सिद्ध करता आलेलं नाही, पण सरदारांना निमित्त हवं होतं ते मिळालं. १४६५ ला आविलाच्या बाहेर मंचावर राजाचा पुतळा बसवला, त्याचा मुकुट काढला, तलवार काढली, शेवटी लाथ मारून पुतळा खाली पाडला आणि अकरा वर्षांच्या अल्फोन्सोला राजा केलं. तीन वर्षांत तो पोरगा वारला.

आता सरदार इसाबेलाकडे आले, तुम्ही राणी व्हा. इथे बाईची अक्कल दिसते. वय सतरा, आणि ती म्हणाली भाऊ जिवंत असताना नाही, मला वारस करा. १४६८ मध्ये तोरोस दे गिसांदोला तसा करार झाला. अट अशी की लग्न तिच्या मनाविरुद्ध लावायचं नाही, पण राजाच्या संमतीशिवाय तिनेही करायचं नाही. एन्रिकेला तिला पोर्तुगालच्या राजाला द्यायचं होतं. तिने गुपचूप अरागॉनच्या फर्नांडोशी जमवलं. तो सतरा वर्षांचा पोरगा व्यापाऱ्यांच्या नोकराच्या वेषात, खेचरांना दाणापाणी करत आला, वाटेत बुर्गो दे ओस्माला रात्री दार ठोठावलं तर पहारेकऱ्याने शत्रू समजून वरून दगड टाकला, थोडक्यात वाचला. १९ ऑक्टोबर १४६९ ला वायादोलिदला लग्न लागलं. दोघं नात्यातले, म्हणून पोपची परवानगी लागते, तर जो कागद दाखवला तो चक्क बनावट! खरी परवानगी १४७१ ला आली. कॅथलिक राजघराण्यातलं सगळ्यात गाजलेलं लग्न खोट्या कागदावर लागलंय 😄 एन्रिके भडकला आणि वारसा परत हुआनाच्या नावे केला.

डिसेंबर १४७४ ला एन्रिके गेला. इसाबेला सेगोवियात होती. आदल्या दिवशी शोकाचे कपडे, दुसऱ्या दिवशी १३ तारखेला भरजरी पोशाख करून स्वतःला राणी जाहीर करून मोकळी. पुढे एक सरदार नंगी तलवार उभी धरून चालला होता, मूठ वर, पातं खाली. ही निवाड्याच्या अधिकाराची खूण, ती राजापुढे चालायची, बाईपुढे तलवार हे लोकांना नवीन होतं. फर्नांडो तेव्हा सारागोसात, त्याला बातमी पत्राने कळली. मग काय, नवरोबा फुगले.

म्हणजे ढापली का? माझं मत, अर्धी हक्काने आणि अर्धी चपळाईने.

कुंदकळी

बापरे, बनावट कागद! मालिकेत ते दाखवलंय पण मला वाटलं मसाला टाकलाय. मग फर्नांडोची समजूत कशी काढली?

जुनीवही

जानेवारी १४७५ ला सेगोवियात करार केला. कॅस्टीलची मालकीण ती, किल्ले, नेमणुका, खजिना तिच्या हातात. कागदावर नाव दोघांचं, आधी त्याचं मग तिचं, पण राजचिन्हात आधी कॅस्टील मग अरागॉन. नाव तुझं पहिलं, चिन्ह माझं पहिलं. लढाई आणि परराष्ट्रकारभार त्याने पुष्कळ बघितला आणि अरागॉनचा तर तो पुढे १४७९ पासून स्वतःच राजा होता, तेव्हा नुसता राणीचा नवरा म्हणणं अन्याय होईल. दोघांची चिन्हंही बघा, जू आणि बाण. स्पॅनिशमध्ये जू म्हणजे युगो, Y वरून, तिचं नाव तेव्हा Y ने लिहायचे, आणि बाण म्हणजे फ्लेचास, फर्नांडोचा F. तिच्या नावाचं चिन्ह तो मिरवणार, त्याच्या नावाचं ती.

अडीच घरं

अवांतर: बुद्धिबळात आज ती सगळीकडे पळणारी सोंगटी आहे ना, युरोपात जिला राणी म्हणतात, ती आधी तिरकी एकच घर चालायची. हा बदल स्पेनमध्ये, त्यातही व्हॅलेन्सियाकडे, हिच्याच काळात पहिल्यांदा दिसतो, म्हणून काही अभ्यासक त्याचा संबंध इसाबेलाशी जोडतात. पुरावा पक्का नाही, पण कल्पना भारी आहे. आपल्याकडे तिला वजीर म्हणतात त्यामुळे आपल्याला यातली मजाच कळत नाही.

रानजाई

सगळे गोड गोड लिहितायत, म्हणून कडू भाग मी घेते.

कुंदकळीताई, आधी एक गोंधळ काढू. इन्क्विझिशन आणि ज्यूंची हकालपट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्क्विझिशनचा अधिकार फक्त बाप्तिस्मा झालेल्यांवर, म्हणजे जे ज्यू (किंवा त्यांचे आजे-पणजे) ख्रिस्ती झाले त्यांच्यावर. तुम्ही चोरून जुना धर्म पाळता का, शनिवारी चूल बंद का असते, डुकराचं मांस का खात नाही, असल्या गोष्टींवरून शेजाऱ्यांच्या चुगल्या. १४७८ ला राजा-राणी दोघांनी पोपकडून परवानगी मिळवली, १४८१ ला सेविलमध्ये पहिल्यांदा माणसं जाळली. तोर्केमादा सगळ्यांचा मुख्य झाला १४८३ ला, म्हणजे जाळायला सुरुवात झाल्यावर दोन वर्षांनी! मग त्याच्या एकट्याच्या माथी कसं मारणार? उलट १४८२ ला खुद्द पोपने तक्रार केली की हा अतिरेक होतोय, तर फर्नांडोने असं खरमरीत उत्तर पाठवलं की पोपच मागे सरला.

हकालपट्टीचा हुकूम निघाला ३१ मार्च १४९२ ला, ग्रानादात, जिंकलेल्या अल्हाम्ब्रा राजवाड्यात बसून. जुलै संपेपर्यंत बाप्तिस्मा घ्या नाहीतर चालते व्हा. घरदार विकायची मुभा होती पण सोनं, चांदी, नाणी बाहेर न्यायला बंदी. आंद्रेस बेर्नाल्देस म्हणून तेव्हाचा एक पाद्री बखरकार आहे, ज्यूंचा अजिबात कैवारी नाही, तो लिहितो की घर देऊन गाढव घेतलं, द्राक्षमळा देऊन थोडंसं कापड घेतलं. घेणारा कोण, तर शेजारीच, त्याला माहीत होतं की ऑगस्टमध्ये हे फुकटच मिळणार आहे. निघायच्या आधी बारा वर्षांवरच्या सगळ्या पोरापोरींची लग्नं लावून टाकली म्हणे, आणि वाटेत लोकांचा धीर खचू नये म्हणून रब्बी बायकांना गायला लावायचे, डफ वाजवायला लावायचे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. किती गेले यावर एकमत नाही, चाळीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत अंदाज आहेत.

आणि आब्राहाम सेनेओर बघा. इसाबेलाला गादी मिळावी म्हणून सुरुवातीपासून खटपट करणारा ज्यू सावकार, दरबारात मोठा मान. ऐंशीच्या आसपासचा म्हातारा, त्याने जून १४९२ मध्ये ग्वादालुपेला बाप्तिस्मा घेतला, राजा-राणी स्वतः धर्मपिता-धर्ममाता म्हणून उभे. त्याचा सहकारी इसाक आब्राव्हानेल मात्र नाही म्हणाला आणि नेपल्सला गेला.

फटकळ

रानजाई, माहिती बरोबर, पण आजच्या चष्म्यातून बघताय. इंग्लंडने ज्यूंना १२९० लाच हाकललं, फ्रान्सने १३९४ ला. त्या राजांवर कोणी धागे काढत नाही, बाई दिसली की हिशेब मागायचा. सरदारांनी लुटून खाल्लेलं राज्य तिने रुळावर आणलं ते कोण सांगणार? १४७६ ला रस्त्यांवरच्या दरोडेखोरांच्या बंदोबस्तासाठी एर्मांदाद हे शिपाईदल उभं केलं, १४८० ला तोलेदोच्या सभेत सरदारांना खिरापतीसारखे वाटलेले महसुलाचे वाटे परत घेतले, १४७७ ला सेविलला दर शुक्रवारी स्वतः निवाड्याला बसली तर गुंडपुंड गाव सोडून पळाले, इतके की शेवटी बिशपने मध्ये पडून माफी मागून घेतली. मोठेपणी लॅटिन शिकली ती बेआत्रिस गालिंदोकडून, मुलींनाही शिकवलं.

रानजाई

चष्म्याचं राहू दे, तिच्याच काळातलं सांगते. ग्रानादाच्या शरणागतीच्या करारात तिची आणि नवऱ्याची सही आहे, मुसलमानांचा धर्म, मशिदी, कायदा तसाच राहील म्हणून. पहिला आर्चबिशप तालाव्हेरा याने तसं निभावलंही, पाद्र्यांना अरबी शिकायला सांगायचा, स्वतः म्हातारपणी शिकत होता. मग १४९९ ला सिस्नेरोस आला, सक्तीचे बाप्तिस्मे, अरबी पुस्तकांची होळी, त्यावरून बंड, आणि बंड केलंत म्हणजे करार तुम्हीच मोडलात, असं म्हणून हात वर. १५०२ ला कॅस्टीलभरच्या मुसलमानांना तोच पर्याय, बाप्तिस्मा नाहीतर बाहेर. तालाव्हेरा तिचाच जुना कन्फेसर (पापकबुली ऐकणारा पाद्री) आणि सिस्नेरोस नवा. दोन्ही रस्ते तिच्यासमोर होते, त्यातला एक तिने निवडला. बाई म्हणून हिशेब मागत नाहीये, राज्यकर्ती म्हणून मागतेय, तोही मानच झाला की.

फटकळ

हे तालाव्हेराचं माहीत नव्हतं. मुद्दा घेतला.

पण मग कोलंबसाला सापडलेल्या बेटांवरच्या इंडियन लोकांबद्दलही लिहा. कोलंबसाने गुलाम म्हणून पाठवलेले लोक विकण्यावर तिने १४९५ ला विक्री अडवून धर्मपंडितांचं मत मागवलं आणि १५०० ला सोडून परत पाठवायला सांगितलं. मरायच्या तीन दिवस आधी मृत्युपत्राला पुरवणी जोडली, त्यातही या लोकांना छळू नका असं आहे.

बोरूबहाद्दर

आहे खरं, पण ग्रानादाच्या युद्धात मालागा १४८७ ला पडलं तेव्हा जवळपास अख्खं गाव गुलाम केलं, तिथे पंडितांना विचारलं नाही. तिच्या डोक्यात 'माझी प्रजा' आणि 'शत्रू' असे दोन सरळ कप्पे होते असं मला वाटतं, बाकी सगळं त्यावरून ठरायचं.

जुनीवही

शेवट फार वाईट झाला हो बाईचा. एकुलता मुलगा हुआन १४९७ ला गेला, लग्नाला वर्षही नव्हतं झालं. १४९८ ला थोरली इसाबेल बाळंतपणात गेली. तिचं बाळ मिगेल, कॅस्टील, अरागॉन, पोर्तुगाल तिन्हींचा वारस, ते १५०० ला दोन वर्षांचं व्हायच्या आतच गेलं. उरली हुआना, जिला पुढे 'वेडी' म्हणून कोंडलं. धाकटी मुलगी कॅतालिना इंग्लंडला, तिचं आठव्या हेन्रीने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहेच. २६ नोव्हेंबर १५०४ ला मेदिना देल काम्पोला इसाबेला गेली. फ्रान्सिस्कन जोग्यांच्या झग्यात पुरा, थाटमाट नको असं सांगून ठेवलेलं. आणि फर्नांडो महाशय वर्षभरातच दुसऱ्या लग्नाच्या तयारीला लागले.

कुंदकळी

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मालिका आता वेगळ्याच नजरेने बघणार. तोर्केमादाचं उत्तर तर मिळालंच. एकच राहिलं, ती दुसरी हुआना, एन्रिकेची मुलगी, तिचं काय झालं? मालिकेत ती मध्येच गायब झाली.

जुनीवही

तिला तेराव्या वर्षी सख्ख्या मामाशी, पोर्तुगालच्या पाचव्या आफोन्सोशी लावून दिलं आणि तिच्या नावाने युद्ध पुकारलं. १४७६ ला तोरोची लढाई धड कोणीच जिंकली नाही, पण इसाबेलाने जिंकलो जिंकलो म्हणून गावोगाव पत्रं धाडली आणि ते चाललं. १४७९ च्या तहात या पोरीला दोनच वाटा ठेवल्या, इसाबेलाचा एक वर्षाचा मुलगा वयात येईपर्यंत थांबून त्याच्याशी लग्न कर, नाहीतर मठात जा. ती कोइम्ब्राच्या मठात गेली. इसाबेला मेल्यावरही ती सव्वीस वर्षं जगली, १५३० ला लिस्बनला वारली, आणि तोवर कागदावर सही करायची ती 'मी, राणी' अशीच.