पाडव्यापासून वैशाखापर्यंत: मोजक्या कपड्यांतून निरनिराळे पोशाख कसे जुळवावेत?

चैत्रवेल:
नमस्कार. गुढीपाडव्यापासून वैशाखातल्या मुंजी-लग्नांपर्यंतच्या काळासाठी नवी खरेदी न करता, कपाटात आहेत त्याच कपड्यांतून वेगवेगळे पोशाख कसे जुळवता येतील, याबद्दल येथील जाणकारांचे मत हवे आहे. मी पुण्यात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. सकाळी दुचाकीवरून निघताना हवेत गारवा असतो आणि दुपारी परतताना ऊन अक्षरशः भाजून काढते, त्यामुळे एकाच पोशाखात दोन्ही निभावावे लागते.

माझ्याकडे गुडघ्याखाली येणारा, सरळ शिवलेला पांढरा सुती कुर्ता आहे. इंडिगोच्या ठशांची छपाई असलेले, समोरून उघडे, बिनअस्तराचे लांब जॅकेट आहे. किरमिजी धारवाडी खणाचा ब्लाउज, हिरव्या काठाची राखी महेश्वरी साडी, उंच कमरेची खाकी सुती पँट आणि लाल टोपपदराची (नक्षीदार लाल पदराची) काळी इरकल ओढणीही आहे. अडचण अशी की प्रत्येक कपड्याची जोडी जणू लग्न लावल्यासारखी ठरून गेली आहे. कुर्ता म्हटले की त्याखाली लेगिंग, खणाचा ब्लाउज म्हटले की साडी, आणि जॅकेट तर केवळ सहलीपुरते बाहेर निघते. यांतला कोणता कपडा पाया धरावा आणि कशाबरोबर काय घालावे, हे कृपया सुचवावे.

शिवणटिपण:
चैत्रवेलताई, रंगांची जुळवाजुळव करण्याआधी प्रत्येक कपडा आरशासमोर धरून त्याची शिवण पाहावी, असे मी सुचवेन, कारण एखादा कपडा किती प्रकारे वापरता येईल हे रंगापेक्षा त्याच्या कापावर अधिक अवलंबून असते. कुर्त्याच्या बाजूच्या चिरा कुठपर्यंत आहेत ते पाहा. त्या कमरेपर्यंत येत असतील तर खाकी पँटवर कुर्ता उत्तम दिसेल, चालताना पँटची कंबर आणि उंची नजरेस पडेल आणि दुचाकीवर बसताना घोळही अडकणार नाही. चिरा मांडीपाशीच संपत असतील तर शिंप्याकडून त्या चार-पाच बोटे वर घेऊन काठ दुमडून घ्यावा. हे काम अगदी किरकोळ आहे, पण त्यामुळे लेगिंगची सक्ती संपते. मुळात चैत्रातल्या उन्हात अंगाला चिकटणारे लेगिंग घालण्याची प्रथा कोणी सुरू केली, हे मला कधीच समजलेले नाही.

खणाच्या ब्लाउजचे गणित थोडे वेगळे आहे. साडीसाठी शिवलेला ब्लाउज छातीखाली जेमतेम टेकतो, त्यामुळे उंच कमरेच्या पँटवरही मध्ये फट राहते आणि कामाच्या ठिकाणी ते अवघडल्यासारखे होते. त्याची बटणे किंवा हुक समोर असतील तर तोच ब्लाउज पांढऱ्या कुर्त्यावरून, हुक न लावता, आखूड जाकिटासारखा घालता येतो. मात्र त्यासाठी तो छातीत आणि मुंढ्यात सैल हवा. आतली माया (शिवणीत राखलेले जादा कापड) उसवून तो सैल करण्याचा मोह होईल, पण जुन्या खणाची शिवण उसवली की सुईच्या भोकांची रांग कापडावर कायमची उमटून राहते आणि ती भर छातीवर दिसते. म्हणून आहे त्या ब्लाउजला हात लावू नये. पुढे कधी नवा खण शिवायला टाकाल तेव्हा तो बिनबाह्यांचा, कमरेपर्यंत लांब, समोर काज-बटणांचा आणि आतून मलमलीचे अस्तर लावलेला शिवून घ्यावा. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान असतो, तेव्हा कापड किती लागेल हे आधी शिंप्यालाच विचारावे.

दुपारचे_ऊन:
शिवणटिपण यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. पाया म्हणून बहुतेक जण पांढरा कुर्ता सांगतील, परंतु माझ्या मते तुमच्या कपाटातला खरा पाया खाकी पँट आहे. पांढरा कुर्ता एकदा घातला की धुवावाच लागतो, तर खाकी रंग दोनदा सहज चालतो आणि निळा, किरमिजी, काळा व पांढरा या तुमच्याकडच्या चारही रंगांशी त्याचे जमते.

माझा दुसरा मुद्दा जोड्यांबद्दल आहे. खण गुळेदगुड्डचा आणि इरकल इळकलची. दोन्ही गावे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातली, आणि महाराष्ट्रात इरकलीवर खणाची चोळी घालणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. त्यामुळे ही दोन्ही कापडे एकत्र आली की पाहणाऱ्याच्या मनात सणच उभा राहतो. अशा ठरून गेलेल्या जोड्या पाडव्याला आणि मुंजीला जरूर ठेवाव्यात, पण कामाच्या दिवशी त्या मुद्दाम मोडाव्यात. काळी इरकल ओढणी पांढऱ्या कुर्त्यावर आणि खाकी पँटवर घेतली, आणि तीही दोन्ही खांद्यांवर पसरून न घेता एका खांद्यावर घडी पाडून लाल टोपपदर पुढे येईल अशी सोडली, तर बाकीच्या साध्या कपड्यांत तेवढाच एक ठसठशीत भाग राहतो. त्या दिवशी जॅकेट मात्र घरी ठेवावे, कारण ठशांची नक्षी आणि टोपपदराची नक्षी एकमेकींशी भांडतात.

ऊन सुरू झाले म्हणजे जॅकेट काढून ठेवावे, असा सर्वसाधारण समज आहे. पुण्याच्या कोरड्या हवेत त्याचा उलटाही उपयोग होतो, कारण बिनअस्तराचे सैल सुती जॅकेट दुचाकीवर हात आणि मान झाकते व वारा आतून खेळता राहतो. मुंबईत किंवा गोव्यात हा सल्ला मी देणार नाही. तिथल्या दमट हवेत दुसरा थर म्हणजे नुसती घामाची धार.

सुताचा_पदर:
साडीबद्दल अजून कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते. महेश्वरीचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी वापरता येईल असाच विणलेला असतो. साडी उलटी नेसली तरी सहसा कळत नाही, उलट काठाच्या नक्षीतला रंगांचा तोल किंचित बदललेला दिसतो. (फॉल लावलेला असेल तर हे जमत नाही, म्हणून महेश्वरीला फॉल लावूच नये अशा मताची मी आहे. मैत्रिणी यावरून माझ्याशी वाद घालतात.) पारंपरिक महेश्वरीच्या पदरावर पाच पट्टे असतात. तुमच्या साडीवर ते असतील तर कामाच्या दिवशी पदर बारीक निऱ्यांचा न करता मोकळा सोडावा, म्हणजे पट्टे दिसतात आणि ब्लाउज साधा असला तरी चालतो.

किरमिजी खण आणि राखी महेश्वरी ही जोडी पाडव्याला सुरेखच दिसेल. ग्रंथालयात जायचे असेल तर त्याच साडीवर साधा पांढरा, कॉलरचा सुती शर्ट घालून पाहा. तो घरात कोणाकडे तरी असतोच. तुमचा लांब कुर्ता मात्र साडीखाली घालू नका, तो निऱ्यांखाली गोळा होतो आणि पोटापाशी फुगवटा येतो. साडीवर इंडिगो जॅकेटही घालता येते, परंतु पदर आधी नेसून त्यावर जॅकेट चढवले तर पदर दडपून जातो. त्यामुळे आधी जॅकेट घालावे, मग पदर त्यावरून घ्यावा आणि खांद्यावर जाड पिन लावावी, कारण दोन थरांत बारीक पिन वाकते.

टेम्सकाठची:
मी लंडनमध्ये राहते. इथे एप्रिलात दुपारीही तापमान साधारण १५ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे माझा वसंत आणि तुमचा वसंत यांचा फारसा संबंध नाही. तरीही खणाचा ब्लाउज मी काळ्या, पातळ, पूर्ण बाह्यांच्या लोकरी स्वेटरवर घालते आणि इरकल ओढणी गळ्याभोवती दोन वेढे देऊन घेते. महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याला आणि कार्यालयात तीच जोडी चालते, फक्त पाडव्याला नथ वाढते. पुण्यात स्वेटरच्या जागी काळा, पातळ, गोल गळ्याचा सुती टी-शर्ट वापरता येईल. तो खाकी पँटमध्ये खोचला की ब्लाउजखाली राहणारी फट झाकली जाते आणि शिवणटिपण यांनी सांगितलेली अडचण उसवाउसवीशिवाय सुटते.

चैत्रवेल:
सर्वांचे मनापासून आभार. ब्लाउजचे हुक समोर आहेत आणि काळा टी-शर्टही घरात आहे, तेव्हा तो पोशाख याच आठवड्यात घालून पाहीन. कुर्त्याच्या चिरा वर घ्यायला उद्याच देते. एक शंका राहिली आहे. जॅकेट फारसे धुतलेले नाही आणि ते पांढऱ्या कुर्त्यावर घालायची भीती वाटते. आई म्हणते की मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवले की रंग पक्का होतो. हे खरे आहे का?

शिवणटिपण:
घरोघरी हेच सांगतात, पण मिठाने इंडिगो पक्का होत नाही. हा रंग पाण्यात विरघळत नाही, तो धाग्याच्या पृष्ठभागावर बसतो, आणि जो नीट बसलेला नसतो तो घासला की सुटतो. म्हणून काखेत, मानेपाशी आणि पर्सचा पट्टा लागतो त्या खांद्यावर डाग आधी पडतात. जॅकेट वेगळ्या बादलीत थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावे, पाणी निवळ दिसेपर्यंत खळबळावे आणि उलटे करून सावलीत वाळवावे. मग पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीवर जोर देऊन घासून पाहावा. रुमालावर निळसर झाक आली तर आणखी एकदा धुवावे. रुमाल स्वच्छ राहीपर्यंत ते जॅकेट काळ्या टी-शर्टवरच घालावे, आणि तेवढे दिवस खांद्याला फिक्या रंगाची पर्स लावू नये.