देवबागहून डॉल्फिन बघायला जायचंय. पाठलाग न करणारी होडी कशी ठरवायची?

सागरवेळ:
डिसेंबरअखेर आम्ही सहा जण तारकर्ली-देवबागला जातोय. त्यात सत्तरीची आई आणि आठ वर्षांची मुलगी. होडीतून डॉल्फिन, पक्षी आणि जमल्यास निवतीचे खडक बघायचे आहेत. पण व्हिडिओंत एकेका डॉल्फिनमागे आठ-दहा होड्या धावताना दिसतात. तसं अजिबात नको. होडी ठरवताना काय विचारायचं? वेळ कोणती? अंतर किती ठेवायचं आणि पाण्यात ते ओळखायचं कसं?

कर्लीकाठ:
सगळ्यात आधी पैशांचं बोला, कारण पाठलाग तिथूनच सुरू होतो. माणशी दराच्या होडीत तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) फेऱ्या मारायच्या असतात. 'डॉल्फिन नक्की दाखवतो' म्हटलं की दिसताक्षणी वेग वाढवण्याशिवाय त्याला गत्यंतर नसतं. म्हणून अख्खी होडी तासांवर ठरवा, किमान तीन तास. दिसो न दिसो, पैसे तेवढेच, हे किनाऱ्यावरच सांगा. 'दादा, घाई नाय, लांबसूनच बघूया' एवढं ऐकलं की बहुतेक तांडेल खूश होतात. गाद्याच्या (इथे डॉल्फिनला गादा म्हणतात) जागा त्यांना पाठ असतात, पळापळ त्यांनाही नकोच असते.

आपल्याकडे किनाऱ्याजवळ दिसतो तो हम्पबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. तो उथळ पाण्यातला, खाडीच्या मुखाशी बोय-तारली या मासळीमागे येणारा, त्यामुळे खोल समुद्रात जायची गरजच नाही. तो फार उड्याही मारत नाही. आधी चोच, मग पाठ, आणि परत पाण्यात. उड्यांची अपेक्षा ठेवून गेलात तर खरं दृश्य हातचं जाईल.

अंतर किमान ५० मीटर. होडी २५ फुटी असेल तर सहा-सात होड्यांची लांबी. ३०० मीटरवरूनच वेग चालण्याइतका करायचा, बाजूने, थोडं मागून, त्यांच्या दिशेला समांतर जायचं. समोरून आडवं जायचं नाही, कळपाच्या मधून तर नाहीच. आधीच दोन होड्या असतील तर लांब थांबा. १५-२० मिनिटं पुरे.

ते वारंवार दिशा बदलू लागले, डुबकी लांबत गेली, शेपटी आपटू लागले किंवा आईने पिल्लाला होडीपासून पलीकडच्या बाजूला घेतलं, तर लगेच निघा. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, तेही काही वर्षांच्या अंतराने. हा डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे त्याला त्रास देणं हा गुन्हा आहे. हेही तांडेलाला गोडीत सांगता येतं.

उधाणभरती:
वेळ सकाळची, सातच्या सुमारास निघून दहाच्या आत परत. उशिरा सकाळी वायव्येचा वारा उठला की पाण्यावर पांढरे फेस येतात आणि पर शोधता शोधता डोळे थकतात.

पण त्याआधी तिथी बघा. देवबागहून निघालं की कर्ली नदीच्या मुखावरचा वाळूचा पट्टा ओलांडावा लागतो. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून लाट आली की ती तिथेच उभी राहते आणि फुटते. होडी आपटते, पाठीला हिसका बसतो. आईंना तेच नको. आपला जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हा अंदाज आहे, तासभर मागेपुढे होतं, पक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. चतुर्दशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर सातला चढत्या भरतीत निघता आणि ओहोटी लागायच्या आत परत येता. चतुर्थी ते अष्टमी सकाळी ओहोटी असते, ते दिवस टाळा.

निवतीचे खडक त्याच दिवसात कोंबू नका. तो उघडा समुद्र आहे, परतताना वारा गाठतो. वेगळ्या दिवशी गेलात तरी खडकावर उतरू नका. तिथल्या गुहांत पाकोळी पक्ष्यांची घरटी असतात.

सागरवेळ:
फार उपयोग झाला. डॉल्फिन दिसले की इंजिन बंदच करायला सांगितलं तर?

नाखवा_७:
बंद-चालू, बंद-चालू हेच सगळ्यात वाईट. दर वेळी गिअर पडताना आवाजाचा धक्का बसतो, आणि डॉल्फिन तर आवाजावरच शिकार शोधतो. एकसारखा मंद वेग ठेवा. ते स्वतःहून होडीजवळ आले तर न्यूट्रल करा आणि ते लांब गेल्यावरच गिअर टाका. होडी खडकाकडे वाहत नसेल तर लांब थांबून एकदाच बंद करायला हरकत नाही.

इंजिन फोर-स्ट्रोक आहे का विचारा. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, साधारण ५० लिटरला १ लिटर, आणि त्यातलं काही न जळता पाण्यात जातं. चालू करताना निळा धूर आणि मागे इंद्रधनुषी तवंग दिसला की ओळखायचं. डिझेल होडीत बुडाशी साचलेलं तेलकट पाणी कुठे टाकता, तेही विचारा.

दुर्बीण ७ किंवा ८ पट पुरते. १० पटीची होडीवर हलते.

कर्लीकाठ:
राहिलेलं: स्नॉर्कलिंग जोडणार असाल तर नांगर कुठे टाकतात ते बघा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तरी प्रवाळावर नांगर ओढला गेला की वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते. होडी बांधायला तरंगता बोया किंवा नांगराला वाळूच हवी. प्रवाळावर पाय टेकू नका. उन्हासाठी क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा शर्ट बरा.

लाइफ जॅकेट मुलीच्या मापाचं घ्या. बांधल्यावर खांद्यांवरून वर ओढा. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, मांड्यांमधून पट्टा असलेलं मागा. होडीवर माणसांची क्षमता लिहिलेली असते, ती मोजून बसा. आईंना मध्ये-मागे बसवा, तिथे हिसका कमी. मळमळीची गोळी निघायच्या तासभर आधी, पण त्यांची इतर औषधं डॉक्टरांना सांगूनच. आणि सीगलना शेव-गाठ्या टाकणारी होडी दिसली तर मुलीला आधीच समजावून ठेवा, नाहीतर ती पाकीट मागणारच.