मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ ग्रुपवर आलाय, खरा की खोटा कसं ओळखायचं?

कट्टेकरी:
गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सव्वातीनशे माणसं आहेत. आज दुपारपासून एक व्हिडिओ फिरतोय: गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांजवळ मोटारसायकलवरून दोघं येतात, एकाला उचलतात आणि पसार होतात. खाली मजकूर, "काल आपल्या तालुक्यात घडले, वेश बदलून फिरतात, दिसले की धरा." उद्या आठवडी बाजार आहे, बाहेरगावची माणसं येणार, म्हणून काळजी वाटतेय. चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सवर टाकला तर नुसत्या मोटारसायकली दाखवतंय. माझं चुकतंय कुठे? आणि अ‍ॅडमिन म्हणून आज रात्री काय करू?

पडताळा:
लेन्स चित्रातली सगळ्यात ठळक वस्तू पकडतं, म्हणून गाड्या येतायत. गाडीचा क्लोजअप देऊ नका. व्हिडिओ थांबवत थांबवत तीन-चार स्क्रीनशॉट घ्या: एक अगदी सुरुवातीचा, एक पूर्ण गल्ली दिसेल असा, एक शेवटच्या सेकंदाचा. वरखाली चिकटवलेल्या मराठी मजकुराच्या पट्ट्या कापून टाका. त्या ठेवल्या तर लेन्स ती अक्षरं वाचतं आणि तीच अफवा तुम्हाला परत दाखवतं. तसाच चित्रावरून शोध घेणाऱ्या टिनआय या साइटवरही टाका, तिथे 'सर्वांत जुने आधी' असा क्रम लावता येतो. व्हिडिओ "कालचा" आणि चित्र काही वर्षांपूर्वीचं निघालं, तर काम तिथेच झालं.

दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, भिंतीवरची लिपी बघा. अक्षरं उलटी दिसली तर व्हिडिओ आरशासारखा फिरवलाय. स्क्रीनशॉट सुलटा करून पुन्हा शोधा. आवाज बंद करून एकदा पूर्ण पाहा, कारण मराठी आवाज मागाहून चढवणं फार सोपं आहे.

मजकुराचीही चाचणी घ्या. गावाचं नाव वगळून त्यातले सलग सहा-सात शब्द अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. तेच वाक्य दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाने सापडतं, असं पुष्कळदा होतं.

आणि हो, लेन्सला काही सापडलं नाही म्हणजे व्हिडिओ खरा, असं धरू नका. दहा हातांतून फिरताना दर वेळी दाबून लहान केला गेलेला व्हिडिओ इतका धूसर होतो की जुळणी लागत नाही.

बाजारपेठ:
वर्णनावरून हा कराचीचा व्हिडिओ वाटतोय. मुलांच्या अपहरणाबद्दल जागृती करण्यासाठी तिथे बनवलेली ती जाहिरात आहे. मूळ व्हिडिओच्या शेवटी तेच दोघं परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि इशाऱ्याचा फलक धरतात. नेमका तो शेवट कापून २०१८ मध्ये हा व्हिडिओ भारतभर फिरवला गेला. तुमच्याकडचा व्हिडिओ मोटारसायकल निघून जाताच तुटतो का, ते पाहा.

तुमची बाजाराची काळजी अगदी योग्य आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशीच जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. मुलं पळवणारे समजून मारली.

तेव्हा आज रात्रीच पोलीस पाटलांना आणि ठाण्याला फोन करा. "आपल्या हद्दीत अशी तक्रार आली आहे का?" एवढंच विचारा. नसेल तर त्या उत्तराच्या आधारे ग्रुपवर लिहा.

दुहेरीबाण:
अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट करता येतो: मेसेज दाबून धरा, डिलीट निवडा. मग सकाळपर्यंत 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सेटिंग लावा. खुलासा टाकताना व्हिडिओ पुन्हा जोडू नका आणि पहिल्याच ओळीत खरी गोष्ट लिहा: "हा व्हिडिओ कराचीतल्या जाहिरातीचा आहे. आपल्या ठाण्यात अशी तक्रार नाही." सोबत अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज टाका, न वाचणारी मंडळी तो ऐकतात. ज्यांनी व्हिडिओ टाकला त्यांच्याशी खासगीत बोला. चारचौघांत चूक काढली की माणूस हट्टाला पेटतो.

"खरं आहे का?" असं विचारत व्हिडिओ इतर ग्रुपवर पाठवणंही टाळा. पुढचा माणूस तुमचा प्रश्न मागे ठेवतो आणि नुसता व्हिडिओ ढकलतो. मेसेजवर फॉरवर्डचा दुहेरी बाण दिसला तर तो किमान पाच हातांतून आलाय. मात्र कुणी डाउनलोड करून नव्याने टाकला की बाण जातो, तेव्हा बाण नाही म्हणून विश्वास ठेवू नका.

कट्टेकरी:
पूर्ण गल्लीच्या फ्रेमवर लगेच सापडला, कराचीचाच. ठाण्यातही तक्रार नाही. खुलासा टाकला. पण दोघं-तिघं म्हणतात, "कराचीचा असला म्हणून काय, सावध राहिलेलं काय वाईट?"

बाजारपेठ:
त्यांना मेसेजमधलं शेवटचं वाक्य दाखवा: "दिसले की धरा." यात मुलांना जपा असं कुठेच नाही, अनोळखी माणसाला पकडा एवढंच आहे. सावध राहायचं तर बाजारात लहानग्याचा हात सोडू नका, त्याच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. कुणाचा संशय आलाच तर त्याला अडवू नका, पोलिसांच्या मदतीचा ११२ नंबर लावा. एखादं मूल हरवलेलं किंवा एकटं दिसलं तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. हे दोन्ही नंबर खुलाशाखालीच टाका, म्हणजे घाबरलेल्यांच्या हातात करण्यासारखं काहीतरी राहील.