‘सायको’ पाहिला, आता ‘सायको २’ पाहावा का?

रातकिडा

मंडळी, परवा रात्री हिचकॉकचा ‘सायको’ (1960) पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत पाहिला. शॉवरखालचा खून आणि आईचं रहस्य (ती केव्हाच मेलीय, तिच्या वेषात मोटेलवाला नॉर्मनच खून करतो) दोन्ही आधीच कानावर आलेलं होतं. तरीसुद्धा डिटेक्टिव्ह आर्बोगास्ट तो जिना चढायला लागला तेव्हा हातपाय गार पडले. शेवट माहीत असूनही सिनेमा इतका धरून ठेवतो, हे माझ्यासाठी नवीन होतं.

आता मित्र मागे लागलाय की ‘सायको २’ (1983) पण पाहा. मला धाकधूक वाटते. हिचकॉक 1980 मध्ये गेला. त्यानंतर दुसऱ्याच दिग्दर्शकाने तेवीस वर्षांनी काढलेला पुढचा भाग म्हणजे नावाचा फायदा उठवायचा प्रकार नसेल ना? नॉर्मनच्या भूमिकेत अँथनी पर्किन्स पुन्हा आहे एवढं कळलं. मूळ सिनेमाची भीती त्यात टिकते का? की पाहून पहिल्याचीही चव जाईल? कथा फुटली तरी चालेल, मोकळेपणाने लिहा.

तिसरी घंटा

आधी मांडणीबद्दल लिहितो. मूळ सिनेमा हिचकॉकने आपल्या टीव्ही मालिकेच्या तंत्रज्ञांना घेऊन, कृष्णधवल फिल्मवर, साधारण आठ लाख डॉलरमध्ये केला. शॉवरचा प्रसंग चित्रित करायला मात्र आठवडा घेतला. संगीतकार बर्नार्ड हरमनने वाद्यं कुठली घेतली, तर फक्त तंतुवाद्यं. हिचकॉकला त्या खुनावर संगीतच नको होतं, हरमनचं ऐकल्यावर त्याने मत बदललं. या काटकसरीतून सिनेमाचा सगळा ताण आलाय. सुरी अंगात घुसताना जवळपास दिसतच नाही, आपणच ती पाहिल्याचं मानतो.

‘सायको २’चा दिग्दर्शक रिचर्ड फ्रँकलिन, ऑस्ट्रेलियाचा. हिचकॉकचा निस्सीम चाहता, कॅलिफोर्नियात शिकत असताना त्याची ओळखही झालेली. निर्माता हिल्टन ग्रीन हा तर 1960 च्या सिनेमात सहायक दिग्दर्शक होता. त्यामुळे बाहेरच्यांनी येऊन नाव विकलं असं म्हणता येणार नाही. सुरुवातच जुन्या शॉवरच्या प्रसंगाने होते, मग टेकडीवरचं ते घर कृष्णधवल दिसतं आणि पाहता पाहता त्यात रंग भरतो. ही जोडणी मला फार आवडली.

पण 1983 साल आहे हे विसरू नका. ‘हॅलोविन’ हा सुरीवाल्या खुन्याचा भयपट येऊन पाच वर्षं झाली होती आणि इथला कॅमेरामन डीन कंडी हा ‘हॅलोविन’चाच. तळघरातला एका पोराचा खून किंवा शॉवरमध्ये मेलेल्या मेरियनची बहीण लायला हिचा मृत्यू पाहताना तो काळ जाणवतो. रक्त सरळ दाखवलंय. हिचकॉकने ते नक्की टाळलं असतं. माझ्या मते कारागिरीत तुलनाच नको, मूळ सिनेमा खूप वरचा. दुसरा भाग एकदा पाहण्यासारखा नक्की आहे.

गोदाकाठ

रातकिडा, जरूर पाहा. फक्त बसण्याआधी पहिल्या सिनेमातली दलदल एकदा आठवा.

मेरियनचा खून झालाय. नॉर्मनने न्हाणीघर पुसून लख्ख केलंय. प्रेत डिकीत, तिने कामावरून चोरून वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते चाळीस हजार डॉलरही डिकीत. गाडी दलदलीत ढकलून तो काठावर उभा आहे, तोंडात काहीतरी चघळतोय. गाडी खाली जाते, जाते, आणि मध्येच अडकते. छप्पर वर राहतं. त्याचं चघळणं थांबतं. मान इकडे वळते, तिकडे वळते. आणि आपण काय म्हणतो मनातल्या मनात? बुड की एकदाची! जिच्यासोबत आपण फिनिक्सपासून गाडीत बसून आलो, तिचंच प्रेत कुणाला सापडू नये म्हणून आपण श्वास रोखून बसतो. मग गाडी बुडते आणि आपल्यालाही हायसं वाटतं.

हिचकॉकने तिथे आपल्याला त्या पोराच्या बाजूला नेऊन उभं केलं आणि नंतर शेवटी मानसोपचारतज्ज्ञाच्या तोंडून लांबलचक खुलासा देऊन मोकळा झाला. नॉर्मनचं पुढे काय झालं असेल, हा प्रश्न तसाच राहिला. ‘सायको २’ तोच प्रश्न घेऊन सुरू होतो. म्हणून मला तो नावापुरता जोडलेला भाग वाटत नाही.

माझं यात थोडं आतलं नातं आहे ते सांगते. मी बरीच वर्षं मनोरुग्णालयातून घरी परतणाऱ्या माणसांबरोबर पुनर्वसनाचं काम केलं. ‘सायको’ने मनोरुग्ण म्हणजे सुरीवाला माणूस हे चित्र लोकांच्या डोक्यात किती घट्ट बसवलं, ते मी रोज पाहिलंय. ज्यांच्यासोबत मी काम केलं त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कुणावर हात उगारलेला नव्हता. नॉर्मनने खून केलेत, त्यामुळे त्याची आणि त्यांची बरोबरी मी करणार नाही. पण घरी परतल्यावरचे पहिले काही दिवस कसे असतात, ते इतकं नेमकं मी दुसऱ्या कुठल्या भयपटात पाहिलेलं नाही.

बावीस वर्षांनी नॉर्मन सुटतो. कोर्ट म्हणतं, बरा झाला. डॉक्टर रेमंड त्याला गाडीने आणून सोडतात. कुठे? त्याच घरी! त्याच जिन्यासमोर, आईच्या खोलीच्या खाली. हे पाहताना मी जागची उठले होते. या माणसाला राहायला दुसरी कुठली जागा नव्हती का? आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिलाय, केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कुणाला रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. मधल्या टप्प्यावरच्या निवासांची तरतूदही त्यात आहे. कागदावरून ती जमिनीवर यायला किती वेळ लागतो, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.

तर नॉर्मनला रस्त्यावरच्या एका छोट्या खानावळीत मदतनिसाचं काम मिळतं. तिथल्या मेरी नावाच्या पोरीला राहायला जागा नसते, तो तिला घरी आणतो. तिच्यासाठी सँडविच करतो. आता कापायला सुरी हवी. पर्किन्सने हा प्रसंग केलाय तो डोळ्यांत तेल घालून पाहा. ड्रॉवरपाशी त्याची जीभ अडखळते, शब्द पुरा होत नाही. सुरीकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलंय आणि बघण्यावाचून गत्यंतर नाही. समोरची मुलगीही गप्प. मग ती वेळ जाते. काहीच होत नाही. एक माणूस एका मुलीला सँडविच देतो, बस्. माझ्या मते दोन्ही सिनेमे मिळून सगळ्यात जीवघेणा प्रसंग हा आहे.

हे कुटुंबांमध्ये मी प्रत्यक्ष पाहिलंय. माणूस घरी यायच्या आदल्या दिवशी सुऱ्या, कात्र्या कपाटात जातात आणि किल्ली आईच्या कनवटीला. कुणी काही बोलत नाही, पण त्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी कळतं. एका घरी मुलीला परत आणून बरेच महिने झाले होते. एक दिवस आईने कामाच्या गडबडीत तिच्यापुढे विळी आणि मेथीची जुडी सरकवली. ती मुलगी विळीवर बसली आणि रडायला लागली. आईला आधी कळेचना काय झालं. मला ते लगेच कळलं.

पर्किन्स पहिल्या सिनेमाच्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता, इथे पन्नाशीचा. तोच चणीने बारीक, खांदे आवळून चालणारा माणूस, पण आता चेहऱ्यावर थकवा आलाय. एका ठिकाणी तो मेरीला सांगतो, तिच्या अंगाला भाजलेल्या चीज सँडविचचा वास येतो, लहानपणी ताप आला की आई अंथरुणात आणून द्यायची तसा. ही आई म्हणजे जिच्यामुळे सगळं झालं तीच. तिची एक चांगली आठवणही त्याच्याजवळ आहे आणि ती टाकून देता येत नाही. जेरी गोल्डस्मिथचं संगीत इथे फार हळवं आहे. हरमनसारखं काळीज चिरत नाही.

भीतीबद्दल विचारलंत. पहिल्यात आपण नॉर्मनला घाबरतो, तेही खरं तर सगळं उलगडल्यावर. दुसऱ्यात आपण त्याच्यासाठी घाबरतो, आणि ते अगदी सुरुवातीपासून. चिठ्ठ्या येतात, ‘आई’चे फोन येतात. हा पुन्हा घसरतोय की कुणीतरी त्याला ढकलतंय? मला ही भीती पहिल्यापेक्षा जास्त टोचली. तंत्राचं माप लावलं तर तिसरी घंटा म्हणतात ते बरोबरच आहे.

खिडकीजवळ

गोदाताई, एका गोष्टीवर तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून लिहिते. नॉर्मनबद्दल एवढी कणव वाटू द्यायची, तर मेरियनचं काय? तिच्या बहिणीची, लायलाची भूमिका व्हेरा माइल्सनेच पुन्हा केलीय. पहिल्यात ती जिवावर उदार होऊन त्या तळघरात उतरते. दुसऱ्यात कोर्टात सह्यांचा गठ्ठा घेऊन उभी राहते की याला सोडू नका. मला ती बरोबर वाटली. ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला कोर्टाने कधी विचारलं? सिनेमा मात्र तिला कारस्थानी करून टाकतो. ते फोन, त्या चिठ्ठ्या तिच्याच, आणि मेरी तिचीच मुलगी. नॉर्मन चांगला दिसावा म्हणून लायलाला वाईट केलं, हा अन्याय झाला.

गोदाकाठ

खिडकीजवळ, तुमचं म्हणणं मनाला लागलं. लायलाचा राग खरा आहे, आणि कोर्टातल्या त्या प्रसंगात व्हेरा माइल्सने तो पुरेपूर दाखवलाय. एका माणसाला पुन्हा वेडं करून परत आत पाठवायचं, आणि त्यासाठी पोटच्या मुलीला वापरायचं, इथवर ती येते ते मला अशक्य वाटलं नाही. बावीस वर्षं दुःख उराशी धरलं की माणूस कुठेही जाऊ शकतो. पण दिग्दर्शकाने तिला मेरियनबद्दल बोलायला एक तरी शांत प्रसंग द्यायला हवा होता. तेवढा असता तर तिचा मृत्यू रक्तापुरता उरला नसता. मेरीला नॉर्मनची दया यायला लागते तेव्हा तिची जी ओढाताण होते, त्यातही मग आणखी वजन आलं असतं.

तिसरी घंटा

शेवटाबद्दल कुणीच बोललं नाही. खानावळीतली मिसेस स्पूल येते, सांगते की मीच तुझी खरी आई, खून मीच केले. नॉर्मन तिला सँडविच देतो, विष घातलेला चहा देतो आणि पाठीमागून डोक्यात फावडं घालतो. मग उचलून वर नेतो. माझ्यासाठी हा शेवट सिनेमाचा कळस आहे. सगळ्यांनी मिळून या माणसाला आई परत आणून दिली, घ्या आता. गोदाताईंना हा शेवट पटला का?

गोदाकाठ

नाही पटला, आणि दर वेळी पाहताना राग येतो. फावड्याचा तो फटका बघणाऱ्याला हादरवतो हे मान्य. पण त्याच्या थोडंच आधी काय झालंय बघा. मेरी आईच्या वेषात आहे, हातात सुरी आहे, आणि नॉर्मन ते पातं उघड्या तळव्यांनी धरतो. हातांतून रक्त वाहतंय तरी मागे हटत नाही. त्याने कुणावरही वार केलेला नाही. हा माणूस अखेरपर्यंत टिकला होता! तिथे सिनेमा संपला असता तर मी तो मूळ सिनेमाच्या शेजारी ठेवला असता. पण निर्मात्यांना नॉर्मन पुन्हा टेकडीवर उभा हवा होता, खिडकीत आई हवी होती. त्यासाठी पावणेदोन तास जे जपलं ते पाच मिनिटांत मोडलं. तुम्ही म्हणता तो अर्थ निघतो, निघत नाही असं नाही. पण तो अर्थ काढायला मला नॉर्मनला सोडून द्यावं लागतं, आणि तोवर मी त्याच्यात फार गुंतलेली असते.

रातकिडा

सगळ्यांचे मनापासून आभार. दलदलीचा प्रसंग आत्ता पुन्हा लावून पाहिला. खरंच, गाडी अडकल्यावर मीसुद्धा ‘बुड’ असंच म्हणत होतो, आणि परवा पाहताना ते लक्षातही आलं नव्हतं. शनिवारी दुसरा पाहतो. तिसरा भागही आहे म्हणे, तो लागोपाठ पाहू का?

गोदाकाठ

लागोपाठ नको. तिसरा 1986 चा, स्वतः पर्किन्सने दिग्दर्शित केलेला. त्यात मिसेस स्पूल आई नव्हतीच, मावशी होती असं निघतं, म्हणजे दुसऱ्याचा शेवटही पुसला जातो. रक्त जास्त, पण पर्किन्सला या माणसाबद्दल काय वाटतं ते काही जागी कळतं. त्यापेक्षा 1990 चा चौथा मिळाला तर आधी तो घ्या, टीव्हीसाठी केलेला आहे. त्याची पटकथा जोसेफ स्टेफानोची, मूळ ‘सायको’ची पटकथा त्यानेच लिहिली होती. नॉर्मनचं लहानपण आणि जिवंतपणीची आई त्यात आहे. शनिवारी दुसरा पाहाल तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा, आणि ड्रॉवरचा तो प्रसंग कसा वाटला ते इथे लिहा. मी वाट बघते.