मदत हवी आहे: नॅचरल हॉर्नसाठी नवीन पीस लिहून घेतोय, पण खर्डा आलाय व्हॉल्व्हवाल्या हॉर्नचा

मंडळी, जरा अडकलोय. मी नॅचरल हॉर्न वाजवतो, म्हणजे व्हॉल्व्ह (सूर बदलायच्या कळा) यायच्या आधीचा, नुसती गुंडाळलेली पितळी नळी, पट्टी बदलायला क्रूक (काढ-घाल करायचे नळीचे तुकडे) आणि उजवा हात बेलमधे, म्हणजे नळीच्या पसरट तोंडात. जुनं संगीत भरपूर आहे, नवीन कमी, म्हणून एका संगीतकाराला हॉर्न आणि पियानोसाठी आठेक मिनिटांचा पीस लिहायला सांगितला. माणूस हुशार आहे, काम आवडतं म्हणूनच विचारलं, पण परवा पहिली तीन पानं आली आणि बघतो तर काय, सगळं व्हॉल्व्ह धरून लिहिलेलं!

एक जागा सांगतो. लिहिलेला मधला सी म्हणजे सा धरा. त्याच्या खाली पंचमापर्यंत अर्ध्या-अर्ध्या सुरांची जलद ओळ, वर फोर्टे (जोरात). तिथे माझ्याकडे तिसरा हार्मोनिक (नळीतून आपोआप निघणाऱ्या सुरांच्या क्रमातला तिसरा) आहे आणि मग थेट चौथा, मधलं सगळं बेलमधे हात कोंबून आणि ओठाने ओढून काढायचं, ते हळू आणि दबक्या आवाजात कसंबसं निघतं, जोर लावला की पत्र्यासारखं चरचरतं. दुसरं म्हणजे ई फ्लॅटच्या क्रूकवरून डी वर जायला दोन बार (स्वरलिपीतले दोन कप्पे) दिलेत. अहो, एक काढायचा, दुसरा बसवायचा, तो गार असतो त्यामुळे आधी सूर उतरलेलाच लागतो, दोन बारात हे सगळं कसं व्हायचं?

चूक माझीही आहे, मी नुसता रेंज लिहून पाठवला आणि गप्प बसलो.

आता प्रश्न असा की हे न दुखावता सांगायचं कसं? आणि अकरावा हार्मोनिक मला तसाच हवाय, शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या जवळजवळ मधोमध पडतो तो, पण त्याने सरळ एफ शार्प (तीव्र मध्यम) लिहिलाय आणि खाली पियानोतही तोच, म्हणजे मी हाताने तो सुधारून घेईन असं गृहीत. करारात दुरुस्तीबद्दल एक ओळ नाही, निम्मं मानधन देऊन झालंय.

प्रतिसाद १
पत्र लिहीत बसू नका, रेकॉर्ड करून द्या. दोन सप्तकांतला प्रत्येक सूर, आधी हळू मग जोरात, उघडा आहे की हाताने झाकलेला ते बोलून. संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या १९४३ च्या सेरेनेडचा प्रोलॉग (सुरुवातीचा भाग) ऐकवा, तो नुसत्या नैसर्गिक हार्मोनिक्सवर आहे, आणि संगीतकार लिगेटीची हाम्बुर्ग कॉन्चेर्टो, त्यात सोलो हॉर्नच्या मागे चार नॅचरल हॉर्न आहेत. अकराव्यासाठी सुरावर ११ आकडा आणि ‘हाताने दुरुस्त करू नये’ अशी टीप, आणि त्या जागी पियानोने तो सूर सोडायचा, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल तुम्हीच बेसूर. करार अजून बदलता येतो, दोघांची संमती हवी एवढंच. एक वाचन-बैठक, त्यानंतर एकदा दुरुस्ती, उरलेलं मानधन त्यावर. कॉपीराइट साधारणपणे त्याच्याकडेच राहतो, तुम्ही पहिला प्रयोग आणि रेकॉर्डिंगची परवानगी लेखी घ्या.

धागाकर्ता
पियानोचं डोक्यातच आलं नव्हतं! आज दुपारी रेकॉर्ड करायला बसतो. सा च्या वरचा रे त्याने सहा वेळा लांबवलाय, तोही बेलमधे हात कोंबूनच काढावा लागतो, तो ऐकला की स्वतःच खोडेल बहुतेक.