मदत हवी आहे: लेकीचा पाय मुरगळलाय, आजीचा लेप ठेवू की सरांचा बर्फ?

कराडकरीण (शनिवार, रात्री)

मंडळी, जरा घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी लेक १४ वर्षांची, खो-खो खेळते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपल्या मुलींनी अन् मुलांनी दोन्ही चषक आणले, तेव्हापासून आमच्या घरी पलंगाच्या पायालाही खांब समजून वळसे घालणं चालू आहे. काल संध्याकाळी सरावात खऱ्या खांबाला वळसा घेताना उजवं पाऊल आत मुडपलं आणि सगळा भार बाहेरच्या कडेवर आला. दहा मिनिटांत घोट्याच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी सूज.

सरांनी समोरच्या रसवंतीतून बर्फ आणला, टॉवेलात गुंडाळून धरला आणि घरी सोडलं. दारातच सासूबाईंनी तो टॉवेल काढून मोरीत टाकला. म्हणाल्या, बर्फानं रक्त गोठतं, पाय जन्माचा आखडेल. मग सहाण निघाली. आंबेहळद उगाळली, रक्तबोळाचा खडा उगाळला, तव्यावर फुलवलेली तुरटीची लाही चुरून घातली, सगळं पळीत कोमट केलं आणि घोट्यापासून बोटांपर्यंत थापलं. अर्ध्या तासात लेप वाळून कातडी ओढायला लागला. लेक म्हणाली, "आई, कुणीतरी पाय आवळून धरल्यासारखं वाटतंय, पण बरं वाटतंय." झोपली बिचारी.

आज सकाळी लेप धुतला तर सूज तेवढीच, वर बोटांकडे निळसर झालंय. सासूबाई म्हणतात हा मुका मार बाहेर पडतोय, चांगलं लक्षण आहे. दुपारी दुसरा थर बसला. मिस्टरांनी मेडिकलमधून दुखण्यावरची जेलची ट्यूब आणि एक झोंबरा बाम आणलाय, शेजारच्या काकू बिब्बा घालायला सांगून गेल्यात, आणि उद्या सकाळी गावाकडून पाय बसवणारे बाबा येणार आहेत. तेल लावून एकदा ओढतात म्हणे, कट्‌कन आवाज येतो आणि माणूस चालत घरी जातो. एवढ्याशा पायावर पाचजणांचा हक्क!

मला एवढंच सांगा, लेप ठेवू का काढू? गरम की गार? लेपावरून जेल लावलं तर चालतं का? बाबांना येऊ देऊ का? एक्स-रेचं विचारलं तर मिस्टर म्हणाले, मुरगळल्यावर कुणी एक्स-रे काढतं का. तीन आठवड्यांवर विभागीय निवड आहे, त्यामुळे लेक रडकुंडीला आलीये.

घाटमाथा

ताई, काळजी नको. आमच्याकडे असल्या दुखण्याला निर्गुंडीचा पाला तव्यावर गरम करून बांधतात, नाहीतर एरंडाच्या पानाला तेल लावून शेकून. दोन दिवसांत पोर पळायला लागेल. बाबांना जरूर येऊ द्या. माझ्या चुलत्याचा खांदा त्यांच्यासारख्याच एकांनी बसवला होता, हॉस्पिटलवाले ऑपरेशन सांगत होते.

पायगुंता

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आठवड्याला असे चार-पाच घोटे बघतो. लेपाचं नंतर बोलू. आधी लेकीला उठवून एवढं करा आणि इथे लिहा.

तिला चार पावलं टाकता येतात का? लंगडत चालेल, पण दुखऱ्या पायावर भार द्यायला हवा. काल पडल्यानंतर लगेच टाकता आली होती का, तेही आठवा. मग लेप धुऊन बोटानं दाबून बघा. सुजेवर नाही, हाडावर. घोट्याची दोन्ही हाडं, आतलं आणि बाहेरचं, त्यांचं टोक आणि मागची कड, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत. मग करंगळीपासून पायाच्या बाहेरच्या कडेनं टाचेकडे बोट सरकवत या, साधारण मध्यावर एक उंचवटा लागतो, तो दाबा. शेवटी तळपायाच्या कमानीच्या वर, आतल्या बाजूचं हाड.

यातलं एक जरी हाड दाबल्यावर कळवळली किंवा चार पावलं जमली नाहीत, तर एक्स-रे. हे माझ्या मनाचं नाही. कॅनडातल्या ओटावामध्ये १९९२ साली हे नियम बसवले, आणि तेही एक्स-रे कमी व्हावेत म्हणून. मुरगळलेल्या प्रत्येक पायाचा फोटो निघायचा आणि बहुतेकांत काहीच सापडायचं नाही. त्यामुळे तुमचे मिस्टर अगदीच चूक नाहीत. पण वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी जिथून हाड वाढतं, तो भाग अस्थिबंधापेक्षा (हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांपेक्षा) नाजूक असतो. मोठ्या माणसाचा जिथे नुसता बंध ताणला जातो, तिथे पोराचं हाड दुखावू शकतं.

बोटं गार पडली, पांढरी पडली, मुंग्या आल्या तर सकाळची वाट बघू नका. आणि बाबांना उद्या तरी नको. ओढायचं असेल तर आत काय आहे ते आधी कळू दे.

घाटमाथा

म्हणजे आमच्या आज्या-पणज्या सगळ्या खुळ्याच होत्या!

ओटीपोट

आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते, म्हणून मध्ये पडते. खुळ्या नव्हत्या, पण अर्धंच ऐकून आलेल्या असतात. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडावर लेप सांगितलाय: मंजिष्ठा, ज्येष्ठमध, रक्तचंदन आणि साळीच्या तांदळाचं पीठ, शंभर वेळा धुतलेल्या तुपात कालवून. सगळी द्रव्यं थंड गुणाची. वर बांबूच्या, झाडाच्या सालीच्या पट्ट्या बांधून हाड हलू द्यायचं नाही. म्हणजे सुश्रुतालाही लेप आधाराच्या सोबतीला हवा होता, आधाराऐवजी नाही.

दुसरं, लेप वाळला की काढायचा आणि रात्री लावायचा नाही, हेही तिथेच आहे. वाळलेला लेप रात्रभर ठेवला की कातडी ओढली जाते, खाज येते, पुरळ उठतं. तुमच्या आजींनी औषध योग्य काढलं, वेळ चुकली. पहिले दोन-तीन दिवस गरम काही नको, मालीश नको. आत रक्त साकळतंय, त्याला आणखी वाट कशाला करून द्यायची? निर्गुंडीचा शेक मीही देते, पण सूज बसायला लागली आणि सांधा आखडलेला राहिला की मग.

आंबेहळद कुठून आणली तेही बघा. काष्ठौषधीच्या दुकानात आंबेहळद मागितली तर पुष्कळदा रानहळदीचे गड्डे हातात पडतात. वास घ्या. खऱ्या आंबेहळदीला कैरीचा वास येतो, रानहळदीला कापराच्या अंगाचा.

बिब्ब्याचं मात्र हात जोडून सांगते, नको. बिब्बा म्हणजे आंब्या-काजूच्या कुळातलं झाड, त्याचा चीक कातडी जाळतो. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायचे त्यानं, त्या धुऊन जात नसत. अशा बिब्ब्यानं उतलेले पाय मी ओपीडीत पाहिलेत. मूळ दुखणं चार दिवसांचं, जखम महिनाभराची.

सज्जनगड_धावरा

लेपाचं मला कळत नाही, पण बामाबद्दल स्वानुभव. लांब पळून आलो होतो, पोटरीत गोळा आला होता. झोंबरा बाम चोळला, वर गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि डोळा लागला. उठलो तेव्हा पिशवीच्या आकाराचा लाल चौकोन आणि त्यात तीन फोड. डाग अजून आहे, चड्डीच्या खाली दिसतो.

या बामांत पुदिन्याचं सत्व, कापूर आणि विंटरग्रीनचं तेल असतं. विंटरग्रीन म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट, अ‍ॅस्पिरिनचं भावंड. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१२ मध्ये असल्या मलमांनी भाजल्याच्या तक्रारींवरून इशारा दिला होता, त्यातही वरून शेक देऊ नका आणि घट्ट पट्टी बांधू नका असंच होतं. नुसतं तेल मिळतं त्याचा एक चहाचा चमचा म्हणजे सात ग्रॅमच्या आसपास सॅलिसिलेट, वीसेक अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या! घरात लहान मूल असेल तर बाटली फळीवर वर ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कुणी घेत असेल तर त्यानं हे चोळूच नये. आपण नैसर्गिक म्हणून पंजाभर लावतो.

लगामतोड

अवांतर: २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये (घोड्यांच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या होत्या) चार घोडे मिरचीमुळे बाहेर गेले. मिरचीतलं कॅप्साइसिन दुखऱ्या भागाला बधिर करतं म्हणून मलमात असतं, पण घोड्याच्या पायाला लावलं की पाय हुळहुळा होतो, अडथळ्याला लागला की झोंबतो, म्हणून घोडा उंच उडी घेतो. संशय दोन्हीचा. तेव्हा वनस्पतीजन्य लेपाची ताकद नाही असं कुणी म्हणू नये. :)

पायगुंता

ताकद आहेच. युरोपात कॉम्फ्रे नावाच्या झाडाच्या मुळाचं मलम मिळतं. २००५ साली ते मुरगळलेल्या घोट्यांवरच डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधाच्या जेलसमोर लावून पाहिलं आणि मलम मागे पडलं नाही. पण त्याच झाडात यकृताला घातक द्रव्यं आहेत, म्हणून ते पोटात नाही आणि खरचटलेल्या कातडीवर नाही. जेलवर चाचण्या भरपूर झाल्यात, ताज्या मुरगळण्यात ते खरोखर काम करतं. फक्त लेपावर जेल, जेलवर बाम असा ढोकळा करू नका. कातडी लाल झाली तर कुणामुळे झाली तेच कळत नाही.

ताई, दाबून बघितलंत का?

कराडकरीण (रात्री साडेअकरा)

बघितलं. घोट्याची दोन्ही हाडं दाबली तर नुसतं "हं" म्हणाली. करंगळीकडून मागे येताना तुम्ही सांगितलेला उंचवटा लागला आणि तिनं माझा हात झटकला. तिथे सूज फार नाही, आम्ही सगळे घोट्याकडेच बघत होतो. उभी राहिली, दोन पावलं टाकली, तिसऱ्याला मला धरलं. काल मैदानावरून मैत्रिणींनी उचलूनच आणलं होतं.

पायगुंता

मग सकाळी एक्स-रे. रात्री दोन उशा घालून पाय उंच ठेवा. लेप धुऊन टाका. गार हवं असेल तर कपड्यातून, दहा-पंधरा मिनिटं, उघड्या कातडीवर बर्फ नको.

कराडकरीण (सोमवार)

उशीर झाला, माफ करा. रविवारी फोटो काढून देणारे सापडले, पण हाडांचे डॉक्टर आज भेटले. करंगळीच्या मागच्या लांब हाडाच्या बुडाशी बारीक तुकडा सुटलाय. पाऊल आत मुडपलं की तिथे चिकटलेले बंध हाडाचा टवका ओढून घेतात म्हणे. डॉक्टरांनी दुसऱ्या पायाचाही फोटो काढायला लावला, मला वाटलं बिल वाढवतायत. मग त्यांनी दोन्ही शेजारी लावून दाखवलं. वाढत्या मुलांत त्याच जागी हाड वाढण्याची एक फट असते, ती हाडाच्या लांबीला धरून उभी जाते. मोडल्याची रेघ आडवी. लेकीची आडवी आहे.

जागा सरकलेली नाही, ऑपरेशन नाही. खालून प्लास्टरची पाटी आणि वर बँडेज, तीन आठवड्यांनी परत दाखवायचं. निवड गेली. ती गाडीत काही बोलली नाही, घरी येऊन बूट कपाटाच्या वर टाकले.

प्लास्टर घालण्याआधी तिथल्या मावशींनी पाय साबणानं तीनदा धुतला, तरी पिवळाच. डॉक्टर म्हणाले, कुणाची हळद? मी म्हटलं, आजींची. म्हणाले, लेपानं नुकसान काही केलं नाही, पोरगी एका जागी बसली हे चांगलंच झालं, पण ओढू दिलं नाहीत ना कुणाला?

बाबांना सासूबाईंनीच रविवारी सकाळी फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं होतं. मी सांगायच्या आत. मी चकितच झाले. रात्री मी दाबून बघत होते तेव्हा दारात उभ्या होत्या, पोरीनं हात झटकला तो त्यांनी पाहिला होता.

@ओटीपोट ताई, आंबेहळदीचा वास घेतला. कैरीचाच आहे. हे सासूबाईंनीच मला सांगायला लावलं.

आता दोन प्रश्न. प्लास्टर निघाल्यावर निर्गुंडीचं तेल चालेल का? आणि आत खाज सुटलीये, काय करू?

ओटीपोट

चालेल. डॉक्टरांनी हाड जुळलं म्हटल्यावर, कातडी पूर्ववत झाल्यावर, हलक्या हातानं. जोर लावायचा नाही. आजींना नमस्कार सांगा.

पायगुंता

तेलाबरोबर घोट्याचे व्यायाम आणि एका पायावर उभं राहून तोल सांभाळण्याचा सराव लागेल. तो केला नाही तर हाच पाय पुन्हा मुडपतो. त्याबद्दल प्लास्टर निघाल्यावर याच धाग्यावर लिहा, मी सविस्तर सांगेन.

खाजेसाठी आत काहीही घालू नका. पट्टी नाही, पेन नाही, पावडर नाही. कातडी सोलली तर आत कळत नाही, चिघळते. केस वाळवायचं मशीन गार हवेवर लावून कडेनं वारा द्या.

कराडकरीण

सासूबाईंच्या हातातून आत्ता विणायची सुई काढून घेतली.